कॅपिटल अक्षरांतला परिच्छेद

रायपूरजवळच्या उरल्यातल्या एका फाउंड्रीत मी नवाच लागलो होतो. ऑर्डरी, बिलं, जीएसटी एवढंच काम असेल असं वाटलं होतं. तेवढ्यात अमेरिकन ग्राहकाचा करार टेबलावर आला. "देख लो भाई, साहब शाम को साइन करेंगे."

सगळा मजकूर बारीक टाइपात आणि मध्येच एक परिच्छेद ठळक, अख्खा कॅपिटल अक्षरांत: वाद झाल्यास दोन्ही पक्ष ज्यूरीपुढे खटला चालवण्याचा हक्क सोडत आहेत. म्हणजे असा हक्क आम्हाला होता? ज्यूरी म्हटलं की मला फक्त नानावटीचा खुनाचा खटला आठवतो. १९५९ साली मुंबईत ज्यूरीने त्याला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने ते फिरवलं, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली.

कंपनीच्या वकीलबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. "रायपूरच्या कोर्टात पैशाच्या दाव्याला ज्यूरी नसतेच. पारशांच्या घटस्फोटात तेवढे पाच प्रतिनिधी बसतात. जे नाहीच त्यावर खुशाल पाणी सोडा."

मग हा खटाटोप कशाला? अमेरिकेत दिवाणी दाव्यालाही ज्यूरी मागता येते आणि कंपन्यांना तिची धास्ती असते. हक्क समजून-उमजून सोडला का, हे तिथली कोर्टं बघतात, म्हणून ती मोठी अक्षरं. न्यूयॉर्कमध्ये असं कलम चालतं. जॉर्जियाच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ साली आणि कॅलिफोर्नियाच्या २००५ साली ते अमान्य केलं: वाद उद्भवण्याआधीच कराराने हा हक्क सोडता येत नाही. एकाच देशात ही तऱ्हा! मी तर चक्रावलोच.

बाईंचं बोट मात्र खालच्या बारीक ओळीवर होतं: दावा फक्त ग्राहकाच्या राज्यातल्या कोर्टात. "खरी मेख इथे आहे." कोर्टाची वाट पूर्ण बंद करणारा करार आपल्या करार कायद्याच्या कलम २८ नुसार रद्दबातल, पण परदेशी कोर्ट निवडणं त्यात सहसा बसत नाही. २००३ च्या मोदी एंटरटेनमेंट खटल्यात, करारात मान्य केलेल्या इंग्लंडच्या कोर्टातला दावा थांबवायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला होता. थकलेल्या बिलासाठी उरल्याहून अमेरिकेत वकील कोण लावणार? शिवाय जिंकलो तरी... छे.

म्हणून कोर्टाऐवजी आम्ही सिंगापूरचा लवाद मागितला, त्यांनी मानला. ज्यूरीचा परिच्छेद त्यांच्या छापील नमुन्यातला, तो तसाच राहिला.