एक्सचं पी होताना

लसीकरणाच्या जनजागृतीचे अहवाल मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. किती पत्रकं वाटली, किती सभा झाल्या, किती भिंती रंगवल्या, हेच त्यांत ठळकपणे असतं. हा खर्चाचा हिशेब झाला. परिणामाचा पत्ता त्यातून लागत नाही. ‘लसीची माहिती आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्यांची टक्केवारीही फारशी उपयोगाची नाही. उत्तर प्रदेशात पोलिओचं नाव घरोघरी पोचलं होतं, तरी काही दारं बंदच राहत. कुटुंबाचा निर्णय बदलला का आणि कशामुळे, हेच प्रचाराचं खरं माप आहे, हे तिथल्या पोलिओ मोहिमेचा अभ्यास करताना मला पटलं.

तिथे घरोघरी जाणारी टीम दारावर खूण करी. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर ‘पी’, एखादं जरी राहिलं तर ‘एक्स’. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीला शाई लागे. एक्स का पडला याचीही नोंद होई: घराला कुलूप, मूल गावाला गेलेलं, मूल आजारी, की सरळ नकार. मला ही वर्गवारीच सर्वांत मोलाची वाटते. बंद घरासमोर भाषणाचा उपयोग नाही. तिथे माणसं घरी असतील तेव्हा पुन्हा जावं लागतं. आजारी मुलाच्या आईला डॉक्टरांचा शब्द हवा असतो. नकारामागे कधी लसीमुळे वंध्यत्व येतं ही अफवा असे, तर कधी ‘रस्ता नाही, पाणी नाही, थेंब मात्र पुन्हा पुन्हा’ हा रास्त संताप. युनिसेफ आणि सहकारी संस्थांनी उभ्या केलेल्या सोशल मोबिलायझेशन नेटवर्कमधल्या स्थानिक स्त्रिया अशा घरांत जात, गरज पडली तर इमामांना सोबत घेत. त्यांच्या प्रयत्नांनी किती एक्स घरं पी झाली, हा आकडा पत्रकांच्या संख्येपेक्षा कितीतरी बोलका आहे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. भारतात २००९मध्ये पोलिओचे ७४१ रुग्ण होते, २०१०मध्ये ४२. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्यात सापडला. पण २०१०च्या सुरुवातीलाच दोन प्रकारच्या विषाणूंवरची नवी लस आली होती. मग श्रेय प्रचाराचं कसं? रुग्ण घटल्याचं सगळं श्रेय प्रचाराला देणं चूकच आहे. उत्तर प्रदेशात अनेक डोस घेतलेल्या मुलांनाही पोलिओ झाला, कारण अस्वच्छता आणि जुलाब यांमुळे तोंडावाटे दिलेली लस तिथे कमी लागू पडे. म्हणूनच प्रचार जोखायचा तो मूल लसीपर्यंत पोचलं का यावर. पुढचा परिणाम लसीच्या गुणाचा आणि स्वच्छतेचाही असतो.

दुसरा आक्षेप असा की आकड्याचं लक्ष्य ठेवलं की खोटे ‘पी’ पडतात, नाहीतर लोकांवर दबाव येतो. ही भीती खरी आहे, पण त्यावर उपाय आहेत. बाहेरच्या निरीक्षकांनी मुलांच्या करंगळ्या तपासल्या की खोटेपणा उघडा पडतो. आणि मोजणी एका फेरीवर थांबवू नये. धाकानं दार उघडलेलं घर पुढच्या फेरीत पुन्हा एक्स होण्याची शक्यता असते; समजून घेतलेलं घर टिकतं, शेजारणीलाही सांगतं.

हे महाराष्ट्रालाही लागू आहे. २०२२च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवर पसरला. अशा वस्त्यांत लस राहिलेल्या प्रत्येक मुलापुढे कारणाची नोंद हवी: लसीकरणाची वेळ मजुरीच्या वेळेत येते, मागच्या वेळी ताप आला म्हणून आई घाबरते, की घर बदलल्यामुळे यादीतून नावच गळलं? पहिल्या आणि तिसऱ्या कारणाची जबाबदारी यंत्रणेची आहे. ती पालकांच्या ‘अज्ञाना’वर ढकलणं हा अन्याय आहे. संवाद हवा तो दुसऱ्या कारणासाठी, आणि तो फळला का हे त्या आईच्या पुढच्या निर्णयावरूनच ठरवायला हवं.