बसायला आलेले मामा

लातूरहून औसा मागे टाकून लामजन्याकडे निघाले, की दोन्ही अंगांनी काळीभोर राने लागतात. एके काळी या दिवसांत इकडे रब्बी ज्वारीच्या पेरणीची धांदल असे. आता बरीचशी जागा सोयाबीनने घेतली आहे. पुढे किल्लारी येते आणि तेरणेचा काठ लागतो.

किल्लारी म्हटले की १९९३ साल आठवते. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे दमून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर मातीच्या ओझ्याची माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरेच झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे ८ ते १० हजार माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली.

मी तेव्हा कृषी खात्यात नुकताच लागलो होतो. हस्त नक्षत्र सरत आले होते. पेरणी चुकली तर घरातल्या दुःखावर उपासमारीची भर पडेल, म्हणून मालदांडी ज्वारीच्या बियाण्याची पिशवी घेऊन तेरणाकाठच्या एका गावी गेलो. शेतातल्या लिंबाखाली एक शेतकरी बसला होता. बायको आणि दोन मुले गेलेली. बैल आखाड्यावर होते म्हणून तेवढे वाचले. शेजारी त्याचे सासरे बसले होते. त्यांचीही लेक आणि नातवंडे गेलेली.

मी उभ्यानेच सांगू लागलो, एकरी बियाणे किती, दोन ओळींत अंतर किती. म्हातारे हळूच म्हणाले, "सायेब, बियाण्याचं मग बघू. आधी बसा." मी बसलो. तासभर कोणी काही बोलले नाही. निघताना पिशवी तिथेच ठेवली.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तरी दोघे तसेच. जावई जेवत नव्हता. सासरे भाकरी पुढे ठेवीत आणि स्वतःही न खाता बसून राहत. मग जावई दोन घास खाई. सकाळी ते बैल पाण्यावर नेऊन आणीत आणि पुन्हा येऊन बसत. "धीर धर", "देवाची मर्जी", असला एक शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

तिसऱ्या खेपेला पावसाची उघडीप होऊन रानाला वाफसा आला होता. मामांनी कोणाला न विचारता तिफण जुंपली. त्या घरी चाड्यावर मूठ धरायची ती बायकोने. आता एकटे मामाच बैल हाकीत होते, मूठही सोडीत होते. ओळ वाकडी जात होती, बी सांडत होते. तीन तासे झाली तेव्हा जावई उठला, धोतर खोचले आणि चाड्यावर मूठ धरली. दोघांच्याही डोळ्यांना धार लागली होती, पण तिफण थांबली नाही.

परवा त्यांच्या नव्या गावात गेलो होतो. रस्ते रुंद, घरे अंतराअंतरावर. जुन्या गावठाणात भिंतीला भिंत होती, घरातून हाक मारली की शेजारी ओ देई. इथे उठून जावे लागते. मामा केव्हाच गेले, पण तो जावई आता गावात उठून जाणारा माणूस झाला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा, शेजाऱ्याची बोअर आटली आणि उभा ऊस वाळला. हा रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसे. मी विचारले, "काय बोलत होता?" तो म्हणाला, "काय बोलायचं, सायेब? मामा काय बोलले व्हते?"

तीस वर्षांहून अधिक काळ मी गावोगाव बोलत फिरलो. खत, औषध, बियाणे, कर्जाचे हप्ते, सारे सांगितले. ते सांगायलाच हवे. पण शेजारच्या घरी पीक बुडाले, माणूस गेले, तर काय बोलावे सुचत नाही म्हणून घरी थांबू नका. जा आणि बसा. जमल्यास त्यांच्या बैलांना पाणी दाखवा.