तीन कारणांचं एकच ४०४

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी काम करते, तिथल्या बिल्ड सर्व्हरना इंटरनेट नाही. आमचं सॉफ्टवेअर बँका वापरतात, म्हणून हा नियम कडक आहे आणि मला तो मनापासून पटतो. जावास्क्रिप्टचं प्रत्येक पॅकेज प्रॉक्सी रिपॉझिटरीतूनच येतं. बिल्ड सर्व्हर तिच्याकडे मागतो, ती एनपीएमच्या सार्वजनिक रजिस्ट्रीतून आणून देते आणि एक प्रत स्वतःकडे ठेवते. २०१६च्या मार्चमध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रजिस्ट्रीतून काढून घेतलं, तेव्हा जगभरातली बिल्ड्स अडकली होती. स्वतःजवळ प्रत असली की अशा वेळी काम थांबत नाही.

इथवर सगळं सुरळीत होतं. अडचण आली ती एका भागीदार टीमची खासगी पॅकेजं वापरायची ठरल्यावर. ती पॅकेजं एनपीएमवरच होती, पण पैसे भरून घेतलेल्या खात्यात, कुलूपबंद. ती आमच्या प्रॉक्सीतून यायला हवी होती. इन्स्टॉल चालवलं की उत्तर येई ४०४, म्हणजे असं पॅकेजच नाही. माझ्या शेजारी बसणारा मुलगा वैतागून म्हणाला, "अगं, पॅकेज आहे की! मला ब्राउझरमध्ये समोर दिसतंय."

त्याला दिसत होतं, कारण तो एनपीएमच्या साइटवर लॉग-इन होता.

आमच्या इन्फ्रा टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लॉग उघडायला लावले. "आधी विनंती पोचते कुठवर ते बघ," ते म्हणाले. ती रिपॉझिटरीपर्यंत पोचतच नव्हती! साधी पॅकेजं येत होती, फक्त स्कोपवाली येत नव्हती. स्कोप म्हणजे 'ॲट' चिन्ह लावलेलं संस्थेचं नाव, मग तिरकी रेघ, मग पॅकेजचं नाव. माहिती मागताना एनपीएम ही तिरकी रेघ जशीच्या तशी पाठवत नाही, टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात पाठवतं. रिपॉझिटरीच्या पुढे जो वेब सर्व्हर उभा होता, त्याला पत्त्यात अशी सांकेतिक रेघ चालत नव्हती, म्हणून तो परस्पर ४०४ देत होता. सेटिंगची एक ओळ बदलली आणि विनंती आत गेली.

पुन्हा ४०४. या खेपेला ते खुद्द एनपीएमकडून येत होतं. परवानगी नसलेल्याला एनपीएम 'तुला मनाई आहे' असं सांगत नाही. सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन अनोळखी माणसाला 'असं कोणी इथे राहत नाही' म्हणून वाटेला लावतो, तसंच हे. तसं न केलं तर खासगी पॅकेजांची नावं बाहेरच्यांना चाचपून काढता येतील, त्यामुळे ही पद्धत मला योग्यच वाटते. पण हे ठाऊक नसलेला माणूस नावाचं स्पेलिंग तपासत बसतो. आमच्या प्रत्येकाच्या डॉट-एनपीएमआरसी फाइलमध्ये टोकन होतं, पण ते आमच्या प्रॉक्सीला ओळख पटवण्यापुरतं. प्रॉक्सी ते पुढे नेत नाही. तिला एनपीएमसाठी स्वतःचं वेगळं टोकन द्यावं लागतं. भागीदार टीमने फक्त वाचण्याची परवानगी असलेलं टोकन दिलं, ते आम्ही प्रॉक्सीत घातलं.

तरीही ४०४! कारण प्रॉक्सी 'नाही' हे उत्तरसुद्धा साठवून ठेवते. आमच्याकडे त्याची मुदत १४४० मिनिटं, म्हणजे अख्खा दिवस होती. ती साठवण रिकामी केली आणि पॅकेज आलं.

याच निमित्ताने आमच्या स्वतःच्या जुन्या पॅकेजांकडे लक्ष गेलं, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यांतल्या काहींना स्कोप नव्हता, साधी नावं होती. खासगी आणि सार्वजनिक साठे आमच्याकडे एकाच पत्त्यामागे जोडलेले होते. अशा रचनेत बाहेरच्या कोणी त्याच नावाचं, वरच्या आवृत्तीचं पॅकेज एनपीएमवर टाकलं, तर आपलं सोडून तेच उचललं जाऊ शकतं. २०२१च्या फेब्रुवारीत ॲलेक्स बिरसान या सुरक्षा-संशोधकाने हेच जाहीरपणे दाखवून दिलं. ॲपल आणि मायक्रोसॉफ्टसह ३५हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत त्याचं निरुपद्रवी पॅकेज चाललं होतं.

आम्ही ती सगळी पॅकेजं स्कोपखाली आणली. आमच्या स्कोपची विनंती कोणत्याही परिस्थितीत बाहेर जाणार नाही, असा नियम प्रॉक्सीत घातला. टोकन फाइलमधून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलं. इन्स्टॉलऐवजी सर्व्हरवर आता 'एनपीएम सीआय' चालतं, म्हणजे लॉक फाइलमध्ये नोंदलेलीच आवृत्ती येते आणि तिचा हॅश जुळला नाही तर बिल्ड थांबतं.

प्रॉक्सी बसवली म्हणजे सुरक्षित झालो, असं मात्र मी कोणाला सांगणार नाही. विषारी पॅकेजही ती तितक्याच इमानाने साठवते. २०२५च्या सप्टेंबरात 'शाय-हुलुद' हा किडा टोकन चोरत एका पॅकेजातून दुसऱ्यात पसरला. त्यानंतर कालपरवा प्रसिद्ध झालेली आवृत्ती लगेच घ्यायची नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

तुमच्या प्रकल्पात स्कोप नसलेली खासगी पॅकेजं असतील तर त्यांची यादी आज काढा. आणि एनपीएमवर काहीच ठेवायचं नसलं तरी आपल्या संस्थेच्या नावाचा स्कोप तिथे नोंदवून टाका. सार्वजनिक पॅकेजांपुरती ती नोंदणी मोफत आहे.