फ्रीजमधली सुई

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. १५ वर्षांपूर्वी त्यांचा आमवात बोटांतून सुरू झाला आणि गुडघ्यांवर येऊन बसला. सकाळी तास-दीड तास मूठ मिटायची नाही. धारा काढणे तर केव्हाच सुटले. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या संधिवाताच्या डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी टोचायची अडॅलिमुमॅबची सुई चालू केली. त्याआधी छातीचा फोटो काढला, रक्त तपासले. ही सुई शरीराची लढायची ताकदच थोडी खाली आणते, त्यामुळे अंगात दबलेला क्षय वर येऊ शकतो. बोटांची सूज उतरली. गुडघे मात्र आधीच झिजले होते, आणि झिजलेला सांधा सुईने परत येत नाही.

ऊसतोड संपली, हाती पैसा आला, तेव्हा एक गुडघा बदलायचे ठरले. हाडांच्या डॉक्टरांनी तारीख दिली. मी गोळ्यांची यादी दिली, पण सुई फ्रीजमध्ये असते म्हणून ती औषधात धरलीच नाही. चूक माझीच. भरती करताना नर्सबाईंनी खोदून विचारले, तेव्हा निघाले की चारच दिवसांपूर्वी ती टोचली आहे. ऑपरेशन पुढे गेले. गाडीभाडे वाया गेले आणि मला बोलणी खावी लागली.

मग दोन्ही डॉक्टर आपसांत बोलले. हिशेब असा ठरला, की पुढची सुई चुकवायची आणि तिच्या तारखेनंतरच्या आठवड्यात ऑपरेशन करायचे. बसवलेल्या सांध्यात पू झाला, तर तो सांधा काढायचीही पाळी येते. आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र थांबवायची नाही. अमेरिकेतील संधिवाताच्या आणि सांधे बदलणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांनी २०१७ साली असे वेळापत्रक ठरवले, २०२२ साली सुधारले. प्रत्येक सुईचा हिशेब वेगळा. रिटुक्सिमॅब सहा महिन्यांनी देतात, तर तिथे ऑपरेशन सातव्या महिन्यात.

सुई चुकली तशी बोटे पुन्हा सुजली. आत्याबाई रात्रभर कण्हायच्या. हे म्हणाले, "दे टोचून. कुणाला कळतंय?" मी फ्रीज उघडलाही होता.

"राहू दे गं," आत्याबाईच म्हणाल्या. "इतकं सोसलं, आणखी आठ दिवस."

ऑपरेशननंतर चौदाव्या दिवशी टाके निघाले. जखम कोरडी होती. लाली नाही, पाणी नाही. सुई पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या गुडघ्याची तारीख घ्यायला गेले, तेव्हा सुईचे रिकामे खोकेच नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.