घरभराचा स्क्रीनसेव्हर

वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट कॉलनीत नाहीतर कात्रक रोडच्या आसपास वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरी कॉम्प्युटर आला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. लॅमिंग्टन रोडवर असेंबल करून घेतलेला, टॅक्सीत मॉनिटर मांडीवर धरून आणलेला. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलेलं, त्यामुळे त्याचा मान मोठा. जागा हॉलमध्ये, वर आईनं शिवलेलं कव्हर आणि दसऱ्याला झेंडूचा हार.

ताई त्यावर टॅलीचा सराव करायची, आम्ही पेंटमध्ये चित्रं काढायचो. आई, आजी, काका यांचं त्यात काहीच काम नव्हतं. पण माउसला काही मिनिटं कुणाचा हात लागला नाही की स्क्रीनसेव्हर सुरू व्हायचा आणि तो मात्र सगळ्यांचा असायचा. काळ्या पडद्यावर रंगीत पाइप एकमेकांत गुंतत जायचे. त्यांच्या एखाद्या सांध्यावर क्वचित चहाची किटली उगवायची. ती आधी कुणाला दिसते यावर भावंडांत चढाओढ. विटांच्या भिंतींचा भुलभुलैया लागला की आजी निवडत असलेली भाजी बाजूला ठेवून बघत बसायची. त्यातल्या फिरत्या दगडाशी पोचलं की सगळं उलटंपालटं व्हायचं. मध्येच फिरताना दिसणाऱ्या उंदराकडे बघून "अरे, त्या उंदराला कुणी वाट दाखवा रे!" असं ती अगदी कळवळून म्हणायची.

मुळात स्क्रीनसेव्हरची सोय मॉनिटरच्या काळजीपोटी झाली. जुन्या काचेच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं की आतला फॉस्फर झिजून त्याचा कायमचा डाग उमटे. म्हणून जॉन सोचा यांनी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी पडदा आपोआप काळा करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. १९८९ च्या 'आफ्टर डार्क' या स्क्रीनसेव्हर प्रोग्रॅमनं पंखवाले टोस्टर उडवले आणि राखणीचं काम करमणुकीचं झालं. स्क्रीनसेव्हरनं वीज वाचते, असं घराघरांत मानत. पण चित्र हलत असताना मॉनिटर नेहमीसारखीच वीज खायचा.

आमच्याकडे स्क्रीनसेव्हरचा खरा थाट आषाढीला. वडाळ्याच्या विठ्ठलाचं दर्शन घेऊन, पहाटेपासून रांगेत उभे राहिलेले नातेवाईक साबुदाण्याच्या खिचडीला घरी यायचे. त्या दिवशी अक्षरं सरकवणारा 'मार्की' स्क्रीनसेव्हर लावून रोमन अक्षरांत 'जय हरी विठ्ठल' सरकत ठेवायचं, हे ठरलेलंच. ज्यांच्याकडे 'श्रीलिपी' हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर होतं त्यांच्या पडद्यावर ते देवनागरीत उमटे. काका वाचता वाचता हात जोडायचे.

कॉम्प्युटर वापरणारा एक आणि बघणारं सगळं घर, असे ते दिवस होते. आता प्रत्येकाच्या हातात स्वतःचा पडदा आहे, आणि नुसता पडून राहिला की तो काळा होतो. डागाची ती जुनी भीतीही बरीचशी सरली. तरी विंडोज ११ मध्येसुद्धा स्क्रीनसेव्हरची खिडकी शिल्लक आहे, त्यात त्रिमितीय अक्षरंही आहेत. एखाद्या रविवारी ती उघडा, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचं नाव टाइप करा आणि त्यांना समोर बसवून दाखवा.