अठराचे सतरा

गोंदियात टायरच्या दुकानात बहुतेक लोक आकडा वाढवायला जातात. चौदाचे पंधरा, सोळाचे सतरा. चक्का जेवढा मोठा तेवढी गाडी दमदार दिसते, आणि रबराची काळी पट्टी जेवढी बारीक तेवढी ती महागडी वाटते. मी अठराचे सतरा करायला गेलो तेव्हा दुकानदारानं आधी आकडा पुन्हा विचारला. मग म्हणाला, "काऊन जी? पोरं पैसे देऊन वाढवून राह्यले, अन् तुमी पैसे देऊन कमी करता?"

कारण मी राहतो त्या फुलचूरच्या बाहेरच्या रस्त्यांवर होतं. फुलचूर गोंदियाला एवढं लागून आहे की शहर कुठं संपतं ते नवख्याला सांगता येत नाही. पण माझं काम शहरात कमी आणि बाहेर जास्त. मी भात गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करतो. आज गोरेगाव, उद्या आमगाव, परवा देवरी. गिरण्या जिथं तिथं धानाचे ट्रक, आणि ट्रक जिथं तिथं डांबराचे लचके. रोवणीच्या दिवसांत त्यात केजव्हीलची भर पडते. चिखलणीसाठी लावलेली ती लोखंडी चाकं न काढताच ट्रॅक्टर एका बांधीतून दुसऱ्या बांधीकडे सडकेनं जातात. त्यांना सडकेवर मनाई आहे, पण प्रत्येक वेळी ती काढून पुन्हा लावणार कोण? डांबरावर त्यांचे ओरखडे वर्षभर राहतात.

गाडी इलेक्ट्रिक. वरच्या मॉडेलची घेतली, त्यामुळे काचेच्या छताबरोबर अठरा इंची चक्केही आले, कोणी मागितले नव्हते तरी. टायर २१५/५५ आर १८. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे: टायर २१५ मिलिमीटर रुंद, त्याच्या बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे ११८ मिलिमीटर उंच, आणि आत १८ इंचाची रिम. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळलं की ही भिंत धार आणि रिम यांच्यात चिमटली जाते. गाडीत बॅटरीचंच ओझं शेकडो किलोंचं, त्यामुळे चिमटाही जोरदार. आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. पंक्चर काढता येतं, फुगा काढता येत नाही. टायर बदलावंच लागतं. एका पावसाळ्यात माझ्या गाडीच्या दोन टायरांना फुगे आले, आणि त्या मापाचं टायर गोंदियात कोणाकडे नव्हतं. नागपूर किंवा रायपूरहून येईपर्यंत गाडी अंगणात उभी.

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. २१५/६० आर १७ घेतलं तर भिंत १२९ मिलिमीटर, म्हणजे ११ मिलिमीटर जास्त रबर. बाहेरचा व्यास ६९४ वरून ६९० मिलिमीटर. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे स्पीडोमीटरला त्याची दखलही नाही. महत्त्वाचं म्हणजे कंपनी याच गाडीच्या खालच्या मॉडेलला हेच माप देते. त्यामुळे ब्रेकला रिम घासेल का, भार पेलेल का, हे प्रश्न कंपनीनंच सोडवलेले होते. हे मी मुद्दाम तपासलं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं आहे. कंपनीच्या यादीतलं माप असलं की आरटीओ, विमा, कुठंच वाद उरत नाही.

एका गिरणीच्या काट्यावर मी दोन्ही चाकं ठेवून पाहिली. काट्यावर धान यायचं, त्या दिवशी चक्के आलेले पाहून हमाल हसले. सतराचं चाक दीडेक किलोनं हलकं निघालं. फार नाही. पण हे ओझं फिरतं आहे, गाडी प्रत्येक वेळी वेग घेताना ते फिरवायलाही बॅटरीच लागते, आणि आमच्या गावरस्त्यांवर गाडी सतत थांबते-सुटते. हमरस्त्यावर मात्र हिशेब बदलतो. वेग ऐंशीच्या पुढे गेला की खरा खर्च हवा कापण्याचा.

इथपर्यंत सगळे मला शहाणा म्हणत होते. रबर निवडलं तेव्हा मत बदललं.

इलेक्ट्रिक गाडीला रोलिंग रेझिस्टन्स कमी असलेलं टायर घालावं, असा सर्वमान्य सल्ला आहे. फिरताना रबर दबतं आणि सुटतं, त्यात शक्ती खर्ची पडते. ती जेवढी कमी तेवढी गाडी एका चार्जमध्ये लांब जाते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवरचे तारेही याच गोष्टीचे. मी मात्र ओल्या रस्त्यावर धरून ठेवणारं, मऊ रबराचं टायर मागितलं. दुकानात त्याला परफॉर्मन्स टायर म्हणतात. सतराच्या मापात शर्यतीच्या थाटाची टायरं फारशी मिळतही नाहीत; मला हवी होती ती पकड.

ही निवड मला गिरणीनं शिकवली. शेलरमध्ये दोन रबर रोल उलट दिशांना, वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि त्यांच्यामधून जाताना धानाचं टरफल निघतं. रोल मऊ असला तर दाणा पकडीत येतो, फुटत नाही, पण रोल लवकर झिजतो. कडक रोल टिकतो, पण त्याला दाब जास्त द्यावा लागतो आणि कणी वाढते. मालक दर हंगामात मला विचारतो, जास्त टिकणारा रोल कोणता? मी विचारतो, तांदूळ विकायचा की रोल जपायचा?

आमच्या मेहुण्याला हे पटलं नाही. बॅटरीच्या गाडीला कसली शर्यत, असं त्याचं म्हणणं. त्याला सांगितलं की ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा ओलांडणारी जगातली पहिली मोटार बॅटरीवरचीच होती. १८९९ साली कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानं ती पळवली, आणि चाकांवर मिशेलिनची हवा भरलेली टायरं होती. त्यावर तो म्हणाला, "तो काही देवरीला नव्हता चालला."

बरोबर आहे. पण देवरीलाच पकड जास्त लागते. इलेक्ट्रिक मोटर सगळा जोर पहिल्याच क्षणी देते. पावसात ट्रॅक्टरांनी सडकेवर आणून टाकलेल्या चिखलावरून निघताना जुन्या टायरांवर पुढची चाकं जागीच गरगरायची, मग यंत्रणा जोर तोडायची आणि गाडी आचके देत सुटायची. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर ब्रेकचं काम करते, तेही फक्त पुढच्याच चाकांवर, त्यामुळे निसरड्यावर तोंड थोडं सरकायचं. नव्या टायरांवर आचके गेले. मोटरचं हे ब्रेकिंग, म्हणजे रीजनरेशन, मात्र पावसात मी अजूनही खालच्या पायरीवर ठेवतो. खरी परीक्षा झाली कोहमाऱ्याच्या अलीकडे, ऐन पावसात. म्हशींचा कळप वळणावर आडवा आला. ब्रेक दाबला, गाडी सरळ रेषेत थांबली. बाजूच्या सीटवरचा डबा तेवढा खाली सांडला.

रेंजचं विचाराल, तर चाकानं जे कमावलं ते रबरानं खर्च केलं. मीटरमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. गाडी रात्री घरीच चार्ज होते आणि माझी दिवसाची धाव तिच्या आवाक्यातली, त्यामुळे चार-सहा किलोमीटरसाठी ओल्या रस्त्यावरची पकड सोडायची मला गरजही नव्हती. ज्याला रोज नागपूर गाठायचं आहे त्यानं माझं ऐकू नये. त्यानं कमी खाणारं टायरच घ्यावं.

झीज जास्त आहे, हे कबूल. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा मऊ रबर आणखी झिजतं. म्हणून हवा पहाटे, टायर थंड असताना तपासतो आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपेक्षा एक पॉइंटही कमी ठेवत नाही. खाचेची खोली कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालते; पकडीसाठी टायर घ्यायचं आणि ते तिथवर ओढायचं, यात अर्थ नाही. मी त्याआधीच बदलणार.

जुने चक्के घ्यायला गोंदियाचा एक पोरगा आला. चारही मागत होता. मी तीनच दिले. या गाडीला कंपनी स्टेपनी देत नाही, नुसतं पंक्चरचं किट देते, आणि किटनं फुग्याचं काही होत नाही. व्यास जवळजवळ सारखा असल्यानं अठराचं एक चाक, त्यावर धड टायर चढवून, हळूहळू पुढच्या दुकानापर्यंत न्यायला चालतं. लांब जायचं असलं की ते डिक्कीत टाकतो. डिक्की अर्धी भरते आणि बायको म्हणते, तांदळाची पोती आता माझ्या मांडीवर ठेव.