पडद्याची स्मरणशक्ती

घरातल्या काही वस्तू कोणा एकाच्या नावावर नसतात. शिलाईयंत्र कोणाचे, स्कूटर कोणाची, हे चटकन सांगता येते. दूरचित्रवाणीचा संच मात्र ज्या खोलीत ठेवला जातो त्या खोलीचा होतो, आणि बाहेरची खोली सगळ्यांची असते. या शतकाच्या पहिल्या दशकात मध्यमवर्गीय घरांपुढे या संचाच्या निवडीचा एक पेच उभा राहिला होता. मागे फुगीर पाठ असलेली पिक्चर ट्यूब बाजारातून हळूहळू मागे सरत होती आणि तिची जागा घ्यायला दोन सपाट पडदे पुढे आले होते: प्लाझ्मा आणि एलसीडी. बातम्या पाहणाऱ्याला त्यांतला कोणताही चालला असता. ज्या घरात व्हिडिओ गेम खेळणारे मूल होते, तिथे मात्र हा प्रश्न वरवरचा राहत नसे.

आमच्या घरी तो 2009 च्या दिवाळीत आला. मुलगा नववीत होता. त्याच्याजवळ प्लेस्टेशन 2 होते आणि त्यावर ‘क्रिकेट 07’ हा खेळ दिवसाकाठी तासभर तरी चाले. भोपाळच्या न्यू मार्केटमधल्या एका दुकानदाराने सांगितले, “मॅडम, गेमिंग के लिए तो प्लाझ्मा ही ले जाइए, गेंद साफ़ दिखेगी.” चार दुकाने सोडून दुसऱ्याने मान हलवली, “प्लाझ्मा मत लीजिए, उसमें स्कोर छप जाता है.” शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे दोघांच्या बोलण्याचे मूळ शोधल्यावाचून मला राहवेना. शोधले तेव्हा दोघेही खरे निघाले.

गंमत अशी की, हे दोन्ही पडदे आपल्या ट्यूबलाइटचेच वंशज. प्लाझ्माच्या पडद्यात निऑन आणि झेनॉन वायूंनी भरलेल्या सूक्ष्म कोठड्या असतात. विजेचा स्पंद मिळाला की त्यांतून अतिनील किरण निघतात आणि कोठडीतला फॉस्फरचा लेप तांबडा, हिरवा किंवा निळा उजळतो. त्या काळच्या 42 इंची प्लाझ्मावर बहुधा आडवे 1024 आणि उभे 768 ठिपके असत, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन कोठड्या. म्हणजे सुमारे साडेतेवीस लाख इवल्या ट्यूबलाइट एका चौकटीत बसवलेल्या! एलसीडीत उलट व्यवस्था. तेव्हाच्या संचांत मागे मोजक्याच बारीक नळ्या अखंड जळत, आणि पुढे द्रवस्फटिकांचे लाखो पडदे कमीअधिक उघडून त्यांचा उजेड गाळून सोडत. एकात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, दुसऱ्यात तो मागचा उजेड अडवतो.

खेळाच्या बाबतीत सारा फरक इथूनच सुरू होतो. प्लाझ्माची कोठडी क्षणभर पेटते, विझते, पुन्हा पेटते. एलसीडीचा ठिपका मात्र एक चित्र पुढचे येईपर्यंत तसेच धरून ठेवतो. आपल्याकडच्या पद्धतीत तो काळ सेकंदाचा पन्नासावा भाग. हे अंतर नगण्य वाटते, पण हिशेब करून पाहावा. 42 इंची पडद्याची रुंदी सुमारे 93 सेंटिमीटर. चेंडू अर्ध्या सेकंदात या टोकापासून त्या टोकाला गेला, तर एका चित्राच्या अवधीत तो पावणेचार सेंटिमीटर सरकायला हवा. डोळा त्याच्यामागून सलग धावत असतो आणि चित्र मात्र जागीच थांबलेले. या ओढाताणीत चेंडूला शेपूट फुटते. द्रवस्फटिकांना वळायला लागणारा वेळ त्यात भर घालतो. पहिला दुकानदार म्हणत होता ते हेच.

दुसऱ्याचे म्हणणे फॉस्फरच्या वयासंबंधीचे होते. फॉस्फर जितका जळेल तितका थकतो. क्रिकेटच्या खेळात धावफलकाची पट्टी तासन् तास एकाच जागी, एकाच उजेडात असते. तिथल्या कोठड्या शेजारणींपेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात आणि खेळ बंद केल्यावरही पट्टीची सावली मागे राहते. सुरुवातीची सावली बहुधा काही वेळाने पुसली जाते, रोजचाच रतीब असेल तर मात्र ती कायमची होऊन बसते. भेलच्या वसाहतीत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या प्लाझ्मावर, निळे आकाश दिसले की खालच्या कोपऱ्यात ती पट्टी उमटे. मुलगा शिकायला परगावी गेला, तरी त्याचा धावफलक घरीच राहिला होता.

म्हणजे प्लाझ्मा धावते चटकन विसरतो आणि स्थिर ते मनात धरतो. एलसीडी स्थिर सहज सोडून देतो, पण धावते त्याच्याने लवकर सुटत नाही. दोघांची स्मरणशक्ती दोन जातींची.

प्लाझ्माचा जन्मच मुळी या स्मरणशक्तीसाठी झालेला आहे. 1964 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचा विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी तो घडवला, तो करमणुकीसाठी नव्हे. ‘प्लेटो’ नावाची संगणकावर शिकवण्याची योजना तिथे चालू होती. संगणकाची स्मृती तेव्हा फार महाग असे. एकदा रेखाटलेले चित्र स्वतःच लक्षात ठेवील असा पडदा त्यांना हवा होता, आणि पेटलेली कोठडी पेटतीच ठेवणारा हा नारिंगी उजेडाचा पडदा तसा निघाला. सत्तरच्या दशकात त्याच पडद्यांवर विद्यार्थी अभ्यास बाजूला सारून अवकाशयुद्धाचे खेळ खेळू लागले. खेळ आणि प्लाझ्मा यांचे नाते इतके जुने आहे.

द्रवस्फटिकांची वंशावळ आणखी मागे जाते. 1888 साली प्राग येथे फ्रीडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग दोनदा वितळताना दिसले: 145.5 अंशांवर गढूळ, आणि 178.5 अंशांवर नितळ. मधली गढूळ अवस्था तीच द्रवस्फटिकाची. या कथेत आपल्याकडचेही एक नाव आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी सदाशिव आणि सुरेश या सहकाऱ्यांसह 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले. पुढे संगणकाच्या एलसीडी पडद्यांवर, बाजूने पाहणाऱ्यालाही चित्र नीट दिसावे म्हणून, अशाच रेणूंचा पातळ थर वापरात आला. चंद्रशेखर हे सी. व्ही. रामन यांचे भाचे आणि नागपूर विद्यापीठाचे विद्यार्थी. 1956 साली भोपाळ राजधानी झाली तेव्हा सचिवालयाबरोबर नागपूरहून कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली, त्यांत माझे सासरे होते. मी ही हकीकत सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे यातही आमचं नागपूर आहेच तर!”

बाजूने पाहण्याचा मुद्दा सासूबाईंमुळेच घरात महत्त्वाचा झाला होता. त्यांचा दिवाण भिंतीलगत, टीव्हीच्या डाव्या अंगाला होता आणि त्या तिथून हलत नसत. एलसीडीचे चित्र त्या बाजूने फिके दिसे. प्लाझ्मा कुठूनही पाहा, सारखाच. इथवर पारडे प्लाझ्माकडे झुकले होते. पण खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी, आणि माळव्यातल्या उन्हाळ्याची दुपार. प्लाझ्माच्या काचेत ती खिडकी आरशासारखी उमटली असती. सासूबाईंची मराठी वाहिनी रोज तीन-चार तास लागे आणि तिचे चिन्ह कोपऱ्यातून जागचे हलत नसे. त्यात वीज कधीही जाई. 2003 ची विधानसभा निवडणूक ज्या राज्यात वीज, रस्ते आणि पाण्यावर गाजली, तिथल्या गृहिणीला वॅटचा हिशेब शिकवावा लागत नाही. 42 इंची प्लाझ्मा उजळ चित्राला सुमारे तीनशे वॅट मागे. 32 इंची एलसीडीचे त्याच्या निम्म्यात भागे.

एका बाजूला मुलाचा चेंडू आणि आजीचा दिवाण, दुसऱ्या बाजूला आजीची वाहिनी, मुलाचा धावफलक, खिडकी आणि इन्व्हर्टर. एकेका माणसाच्या गरजा दोन्ही बाजूंना विभागल्या गेल्या होत्या. आपले ज्याला त्याला देऊन सुटावे, अशी ही वाटणी नव्हती.

तोड मुलाने काढली. दुकानात दोन्ही पडद्यांवर आपलेच यंत्र जोडून त्याने खेळून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाला, “आई, आपला जुना टीव्ही एक्स्चेंजमध्ये देऊ नकोस गं. यांच्यावर बॅट उशिरा फिरते.” त्याच्या बोटांनी अचूक ओळखले होते. सपाट पडदा आलेले चित्र आधी आपल्या मापाला ताणतो, सजवतो आणि मग दाखवतो. या खटाटोपात समजा सेकंदाचे साठ सहस्रांश गेले, तर ताशी 140 किलोमीटर वेगाने येणारा चेंडू तेवढ्यात सव्वादोन मीटर पुढे सरकलेला असतो. पिक्चर ट्यूबमध्ये ही सजावट नाही, शेपूट जवळजवळ नाही. प्लेस्टेशन 2 घडवले गेले तेही तिच्यासाठीच. प्लाझ्मा की एलसीडी, या प्रश्नाचे त्या खेळापुरते उत्तर त्या दोघांबाहेरच होते.

आम्ही 32 इंची एलसीडी घेतला. राहिला प्रश्न जुन्या टीव्हीच्या जागेचा. तो मुलाच्या आतल्या खोलीत जावा हे ओघाने येत होते. त्याला सासूबाईंनी नकार दिला. नातवाचा खेळ त्यांना मालिकेइतकाच प्रिय होता. कोण बाद झाले, किती षटके उरली, हे त्या दिवाणावरून मोजत आणि चुकीचा फटका मारला की रागावत. “तो आत गेला की दार लागेल,” एवढेच त्या म्हणाल्या. जुना टीव्ही दिवाणासमोरच्या स्टुलावर राहिला. एका खोलीत दोन पडदे हे दृश्य पाहुण्यांना विचित्र वाटे, पण दहावीचे वर्ष सोडल्यास चार वर्षे ते तसेच चालले.

पुढे बाजारानेच निकाल दिला. पायोनियरने 2009 च्या फेब्रुवारीतच माघार जाहीर केली होती. पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस प्लाझ्माची निर्मिती आटोपती घेतली, सॅमसंग आणि एलजी 2014 मध्ये बाजूला झाले. एलसीडी टिकला, त्याच्या मागच्या नळ्या जाऊन एलईडी आले. आणि आता ओएलईडीच्या रूपाने स्वतः पेटणारा ठिपका परत आला आहे. काळोख प्लाझ्मासारखा गडद, हालचाल स्वच्छ, आणि भीतीही तीच: स्थिर पट्टीची सावली. नावे बदलली, पेच तोच राहिला.

सासूबाई 2015 साली गेल्या. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो. नवे खेळयंत्र घेतल्यावर त्याने फोनवर विचारले, “आई, ओएलईडी घेऊ की एलसीडी?” मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. खिडकी कोणत्या बाजूला आहे? एकच खेळ रोज किती तास चालतो? आणि तू खेळत असताना त्या खोलीत आणखी कोण बसते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने लगेच दिली. तिसऱ्याला थोडा थांबला, आणि मग म्हणाला, “सध्या कोणी नाही. पण सोफा मोठा घेतलाय.”